फुलपाखरांच्या वाड्या आणि रिकाम्या जागा

(शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या आधीचा विषय पाणीपुरवठा योजनांचा होता आणि माझ्या नंतरचा विषय घरपट्टीच्या वसुलीचा आहे. या दोहोंच्या मध्ये फुलपाखरांवर बोलावयाचे म्हणजे जेवणाच्या पंगतीत कोणी गाणे म्हणावे तसे काहींना वाटेल. परंतु गावठाण, गायरान, ओढ्याकाठ, रस्त्याची कड, देवराई आणि शेताचा बांध या जमिनींचे काय करावयाचे, हे बहुतांशी आपणच ठरविता. फुलपाखरांचे जगणे-मरणे नेमके याच जमिनींवर अवलंबून असते. म्हणून हा विषय आपल्यासमोरच मांडणे योग्य, असे मी समजतो.

प्रारंभी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. फुलपाखरू फुलांवर दिसते, पण ते वाढते पानांवर. मादी वाटेल त्या झाडावर अंडी घालीत नाही. प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराची मादी रुईचे झुडूप शोधते. कॉमन मॉरमॉनला कढीपत्ता किंवा लिंबू चालतो. क्रिमसन रोझ या काळ्या-लाल फुलपाखराची अळी ईश्वरीच्या वेलावर वाढते, तर ब्लू ओकलीफ म्हणजे मिटल्यावर वाळक्या पानासारखे दिसणारे फुलपाखरू कारवीच्या कुळातील झुडपांवर. माळावरची बरीचशी तपकिरी फुलपाखरे गवतावरच पोसली जातात. तेव्हा बागेत झेंडू व जास्वंद लावून फुलपाखरांची सोय झाली, असे मानणे म्हणजे पाहुण्याला सरबत पाजून जेवणाची सोय झाली असे मानण्यासारखे आहे. खाद्यवनस्पती जेथे आहे तेथेच त्या फुलपाखराची वस्ती, आणि खाद्यवनस्पती सर्वत्र सलग नसते. ती येथे चार गुंठे, तेथे अर्धा एकर, मध्ये ऊस, मध्ये डांबरी रस्ता, अशी तुकड्यातुकड्यांनी असते.

तुकड्यांत विभागलेल्या अशा जागी फुलपाखरांची संख्या कशी टिकते, या प्रश्नाचा जगातील सर्वांत चिकाटीचा अभ्यास बाल्टिक समुद्रातील ऑलंड बेटांवर झाला आहे. ही बेटे स्वीडन व फिनलंड यांच्या मधोमध असून फिनलंडच्या ताब्यात आहेत. तेथे ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी नावाचे नारिंगी रंगावर काळी नक्षी असलेले लहानसे फुलपाखरू आहे. फिनलंडच्या मुख्य भूमीवरून ते 1970 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत नाहीसे झाले. बेटांवर मात्र राहिले. हेलसिंकी विद्यापीठाचे इल्का हान्स्की यांनी 1991 मध्ये त्याचा अभ्यास आरंभिला आणि 2016 मध्ये त्यांचे निधन झाले तोपर्यंत तो सोडला नाही. हे काम त्यांच्यानंतरही पुढे चालू राहिले.

या फुलपाखराची अळी दोनच वनस्पतींवर जगते. त्यांपैकी एक आपल्या इसबगोलाच्या जवळच्या नात्यातली आहे. ती उगवते तेथील कोरड्या, खडकाळ कुरणांवर. अशी सुमारे चार हजार कुरणे अभ्यासकांनी नकाशावर मांडली. कुरण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पन्नास एकरांचे गायरान येईल. ही कुरणे सरासरीने पंधरा-वीस गुंठ्यांची आहेत. जून महिन्यात मादी एका वेळी शे-दीडशे अंड्यांचा पुंजका घालते. अळ्या एकत्र राहतात, शरद ऋतूत रेशमाचे दाट जाळे विणतात आणि हिवाळा त्यातच काढतात. पांढरे जाळे गवतात चटकन दिसते. दरवर्षी या सुमारास विद्यार्थ्यांची पथके कुरणामागून कुरण पालथे घालून जाळी मोजतात. 1993 पासून ही शिरगणती पद्धतशीरपणे होत आली आहे. त्यात भारी उपकरण काही लागत नाही. लागतात ती गुडघे आणि चिकाटी.

या मोजणीतून काय निघाले? चार हजार कुरणांपैकी एका वेळी काही शेकडो कुरणांवरच फुलपाखरे असतात. बाकीची रिकामी. शिवाय दरवर्षी वस्ती असलेल्या कुरणांपैकी बरीच ओस पडतात आणि आदल्या वर्षी ओस असलेली काही कुरणे पुन्हा वसतात. म्हणजे एकेक वस्ती अल्पायुषी, पण सर्व वस्त्या मिळून होणारे जाळे दीर्घायुषी. आपल्या कोकणातील वाड्यांची उपमा मला येथे सुचते. एखादी वाडी उठते, दुसरीकडे दोन घरे नव्याने बसतात, आणि गाव मात्र तेच राहते.

लहान वस्ती ओस का पडते, याची कारणे अनेक आहेत. एका उन्हाळ्यात पाऊस ताणला की खाद्यवनस्पती करपते आणि अळ्या उपाशी मरतात. अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या परजीवी माश्या आहेत. त्या वाढल्या की अळ्या घटतात. कधी जन्मलेली फुलपाखरेच उडून दुसरीकडे जातात. आणि आणखी एक कारण आहे, जे 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पुढे आणले: लहान वस्तीत भावंडांची आपसांत वीण होते, तिच्यातून निपजलेली प्रजा दुबळी असते, आणि अशा वस्त्या इतरांपेक्षा लवकर नष्ट होतात. निसर्गातील प्राण्यांच्या बाबतीत इतका स्पष्ट पुरावा त्याआधी फारसा उपलब्ध नव्हता. सगोत्र विवाह टाळण्याची आपली रूढी कोणत्या कारणाने पडली हा वेगळा वाद आहे, त्यात मी शिरत नाही. पण बाहेरून अधूनमधून येणारी एखादी मादी त्या वस्तीस केवढी मोलाची, हे यावरून कळावे. ही मादी येणार कोठून? शेजारच्या कुरणातून. आणि हे फुलपाखरू सहसा एक-दोन किलोमीटरपलीकडे जात नाही.

आता मी आपणांस थोडे गणित सांगणार आहे. येथे गणिताचे शिक्षक बसले आहेत, त्यांनी चूक काढावी. हे गणित रिचर्ड लेव्हिन्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1969 मध्ये मांडले. गंमत अशी की त्याच्यासमोर प्रश्न कीटक वाचविण्याचा नव्हता. पिकावरील किडीचा बंदोबस्त मोठ्या प्रदेशावर कसा करावा, हा होता. किडीला हटविण्यासाठी जे सूत्र निघाले, तेच पुढे कीटकांना वाचविणाऱ्यांच्या उपयोगी आले.

समजा, एका टापूत एखाद्या फुलपाखराला योग्य अशा शंभर जागा आहेत. दरवर्षी काही वस्त्या ओस पडतात आणि काही रिकाम्या जागा वसतात. या दोन्ही गतींचा मेळ बसला की वसलेल्या जागांची संख्या स्थिर होते. समजा ती साठ आहे आणि चाळीस जागा रिकाम्या आहेत. कोणत्या चाळीस, हे दरवर्षी बदलते, पण आकडा साधारण तोच. अशा वेळी एखादा अधिकारी पाहणीस येतो. तो पाहतो की साठ जागांवर फुलपाखरे आहेत, त्या राखून ठेवाव्यात. उरलेल्या चाळीस जागी एकही फुलपाखरू नाही, त्या खाणीला, रस्त्याला किंवा वृक्षलागवडीला देण्यास हरकत नाही. त्याच्या अहवालात नुकसान शून्य. पुढल्या वर्षीही बहुतेक फुलपाखरे जागेवर दिसतील, म्हणजे अहवाल खरा ठरला असेही वाटेल. परंतु ओस पडण्याची गती पूर्वीचीच राहिली आणि नव्याने वसण्यास जागाच उरल्या नाहीत. लेव्हिन्सच्या सूत्राप्रमाणे आमच्या या उदाहरणात वसलेल्या जागा हळूहळू साठांवरून वीसवर येतात. आणखी वीस जागा गेल्या, म्हणजे एकूण चाळीसच उरल्या, तर आकडा शून्यावर येतो. चाळीस जागा हिरव्यागार, खाद्यवनस्पतींनी भरलेल्या, आणि एकाही जागी फुलपाखरू नाही!

हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. निसर्गात हिशेब इतका स्वच्छ कधीच नसतो. मोठ्या जागा, लहान जागा, जवळच्या, दूरच्या, असे पुष्कळ फरक पडतात, आणि हान्स्की यांनी पुढे हे फरक सूत्रात आणले. पण मुख्य गोष्ट टिकून आहे: रिकामी दिसणारी जागा त्या जाळ्याचा भाग असते, आणि ती गेल्याचे नुकसान काही वर्षांनी वसूल होते. शास्त्रज्ञ याला विनाशाचे देणे म्हणतात. कर्ज आज काढलेले असते, हप्ता नातवंडांच्या काळात सुरू होतो.

जाळे मोठे असले म्हणजे निर्धास्त राहावे, असेही नाही. 2018 च्या उन्हाळ्यात उत्तर युरोपात तीव्र अवर्षण पडले. ऑलंडमधील जवळजवळ सर्व कुरणे एकदमच करपली आणि त्या वर्षी शिरगणतीत आढळलेली घट नोंदी सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी होती. एक वाडी संकटात असताना दुसरी मदतीला येते, हे खरे. पण सर्वच वाड्यांवर एकाच वेळी संकट आले तर कोण कोणाला सावरणार? म्हणून निरनिराळ्या प्रकारच्या जागा, उताराच्या, सावलीच्या, ओलसर, कोरड्या, अशा सर्व राखणे इष्ट असते. एका वर्षी एक वाचवते, दुसऱ्या वर्षी दुसरी.

दुसरी कथा इंग्लंडची आहे आणि ती आपल्या कारभाराला अधिक जवळची आहे. लार्ज ब्ल्यू नावाचे निळे फुलपाखरू तेथे दुर्मिळ होत चालले होते. दोष संग्राहकांना देण्यात आला. जाळी घेऊन हिंडणारे हौशी लोक ते पकडून नेतात, म्हणून जागेला कुंपण घालावे असे ठरले. कुंपण पडले, माणसे थांबली, त्यांबरोबर गुरेही थांबली. आणि फुलपाखरू तेथूनही गेले. चांगल्या हेतूने, रीतसर खर्च करून केलेले हे काम होते, हे विशेष.

कारण उमगले ते जेरेमी थॉमस यांनी 1970 च्या दशकात ठिय्या देऊन केलेल्या निरीक्षणांतून. या फुलपाखराची मादी थाइम नावाच्या, तुळशीच्या कुळातील सुवासिक वनस्पतीच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी दोन-तीन आठवडे तेथे खाते आणि मग जमिनीवर पडते. तिच्या अंगच्या वासाने व गोड स्रावाने फसून एक लाल मुंगी तिला आपलेच पिलू समजून वारुळात नेते. तेथे ही पाहुणी मुंग्यांची पिले खात सुमारे दहा महिने काढते. नेणाऱ्या मुंग्या अनेक जातींच्या असतात, परंतु अळी चांगली जगते ती त्यांतील एकाच जातीच्या वारुळात. त्या जातीच्या मुंगीला ऊबदार जमीन लागते. गवत बोटभर वाढले की जमिनीवर सावली पडते, माती दोन-तीन अंशांनी थंड होते, आणि ती मुंगी जाऊन दुसरी येते. गुरे चरणे बंद झाले आणि 1950 च्या दशकात रोगाच्या साथीने ससे मेले, गवत वाढले. थाइम होते, मुंग्याही दिसत होत्या, कुंपण शाबूत होते. हा उलगडा होईतो फार उशीर झाला आणि 1979 मध्ये लार्ज ब्ल्यू ब्रिटनमधून नाहीसे झाले.

पुढचा भाग आशादायक आहे. निवडक टेकड्यांवर झुडपे तोडून, गुरे पुन्हा चारून गवत आखूड केले गेले. 1980 च्या दशकात स्वीडनमधून आणलेली फुलपाखरे तेथे सोडण्यात आली, ती रुजली, आणि आज नैऋत्य इंग्लंडमध्ये त्यांच्या अनेक वस्त्या आहेत. कॅलिफोर्नियातही असाच अनुभव आला. बे चेकरस्पॉट या फुलपाखराच्या काही टेकड्यांवरून गुरे हटविली तेव्हा परदेशी गवत माजले आणि फुलपाखरे घटली. मोटारींच्या धुरातील नत्र त्या निकस जमिनीला खतासारखे मिळत होते, आणि वाढणारे गवत खाऊन टाकण्याचे काम गुरेच करीत होती. चराईबंदी सर्वत्र वाईट, असा याचा अर्थ कृपया कोणी घेऊ नये. उघड्या डोंगरावर बेसुमार चराईने काय होते ते आपण पाहतच आहोत. कोणत्या जागी कोणत्या जिवाला काय लागते हे पाहिल्यावाचून कुंपणाचे अंदाजपत्रक करू नये, एवढेच माझे म्हणणे.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राने 2015 मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. मराठीत त्याला नीलवंत म्हणू लागले आहेत. असा मान देणारे आपले देशातील पहिले राज्य. मला त्याचा आनंद आहे, पण नीलवंताची मला फारशी काळजी नाही. ते मोठे, दमदार उडणारे फुलपाखरू आहे. रानातील माकडलिंबावर वाढते, ते न मिळाले तर परसातील लिंबू-पपनसावरही भागवते. काळजी आहे ती लहान, जवळच घुटमळणाऱ्या, एकाच वनस्पतीला बांधलेल्या जातींची. त्यांना सन्मान मिळत नाही, आणि त्या गेल्या तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

सह्याद्रीतील देवराया हे अशा जातींचे मोठे आश्रयस्थान. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व विद्वानांच्या नजरेस आणून दिले. देवाच्या भीतीने का होईना, पिढ्यान्‌पिढ्या कोयता न लागलेले हे तुकडे आहेत. परंतु अनेक ठिकाणी मंदिराचा जीर्णोद्धार निघतो, त्यासोबत सभामंडप येतो, फरशी येते, आणि ‘परिसर स्वच्छ’ करण्याकरिता झाडांखालची झुडपे व वेली काढल्या जातात. मोठे वृक्ष राहतात, म्हणून देवराई राहिली असे ग्रामस्थ म्हणतात. पण ईश्वरीचा वेल आणि माकडलिंबू त्या काढलेल्या कचऱ्यात गेलेले असतात.

देवराईपेक्षाही बिकट स्थिती माळांची आहे. गवताळ माळ हा कागदोपत्री पडीक ठरतो आणि पडीक जमीन दिसली की तेथे झाडे लावावी, असे आपणा सर्वांना शिकविलेले आहे. मीही शिक्षक असताना उत्साहाने मुलांकडून माळावर ग्लिरिसिडिया लावून घेतला आहे. ती चूक माझी स्वतःची. गवतावर व गवतातल्या फुलांवर जगणाऱ्या फुलपाखराला झाडांची दाट रांग म्हणजे भिंत. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात निक हॅडॅड यांनी पाइनच्या लागवडीत मोकळ्या जागा तोडून काही जागा मोकळ्या पट्ट्यांनी जोडल्या व काही तशाच वेगळ्या ठेवल्या. मोकळ्या रानातील फुलपाखरे जोडलेल्या जागांमध्ये अधिक ये-जा करू लागली, असे 1999 मध्ये त्यांनी दाखवून दिले. तेथे जंगल हाच अडथळा होता. आपल्याकडे कोकणातील सड्यांवर ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा पाहिल्या की मला त्या प्रयोगाची आठवण होते.

जोडणाऱ्या पट्ट्या आपल्याकडे आधीच आहेत: शेताचे बांध, ओढ्याचे काठ, पाणंद रस्ते, जुनी निवडुंगाची व मेंदीची कुंपणे. पूर्वी बांधावरचे गवत विळ्याने कापून गुरांना घालीत. मुळे शाबूत राहत. आता तणनाशक फवारले जाते आणि बांध मुळापासून मरतो. मजुरीचा प्रश्न खरा आहे, शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तसेच, लिंबाच्या रोपांवरची अळी ही फुलपाखराचीच असते आणि ती रोपवाटिकेचे नुकसान करते; तिचा बंदोबस्त करू नका असे मी सांगणार नाही. परंतु रस्त्याची कड आणि ओढ्याचा काठ ही कोणाचे पीक नाही. तेथील सफाई पावसाळा संपताच न करता, रुई-टाकळ्यावरच्या अळ्यांचे कोष होऊन गेल्यावर, आणि एका वर्षी एकाच बाजूची करावी, असे ठरविण्यास खर्च येत नाही. एका शाळेत पाहणीच्या आदल्या दिवशी कुंपणालगतची सारी रुई उपटून टाकलेली मी पाहिली. चौथीची मुले त्या अळ्यांची वही ठेवीत होती. प्लेन टायगर सर्वत्र आढळते, त्याचे काही बिघडले नाही. वही मात्र तेथेच थांबली.

वहीवरून आठवले. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. या नोंदवहीत फुलपाखरांची यादी असतेच, पण पुष्कळदा ती पुस्तकावरून उतरवलेली असते. तिला खरेपणा आणण्याची रीत सोपी आहे. इंग्लंडमध्ये अर्नेस्ट पोलार्ड यांनी 1970 च्या दशकात ती घालून दिली आणि 1976 पासून तेथे देशभर ती चालू आहे. एक ठरावीक वाट निवडावी, आठवड्यातून एकदा ऊन असताना सावकाश चालावे, आणि आपल्या दोन्ही बाजूंस अडीच-अडीच मीटरच्या व समोर पाच मीटरच्या आत जेवढी फुलपाखरे दिसतील तेवढीच मोजावी. पकडावयाचे नाही, मारावयाचे नाही. आपल्याकडे मृगापासून मार्गशीर्षापर्यंत, सकाळी नऊ ते अकरा या वेळेत शाळेची मुले हे सहज करू शकतील. एका वर्षाच्या आकड्यांना फार अर्थ नसतो; दहा वर्षांच्या आकड्यांना असतो. म्हणून मुले बदलली, गुरुजींची बदली झाली, तरी वाट बदलू नये.

याबरोबरच गावाचा नकाशा घेऊन त्यावर जागा मांडाव्यात. ईश्वरीचे वेल कोठे आहेत, माकडलिंबू कोठे, कारवी कोठे, न नांगरलेले गवत कोठे. अशी प्रत्येक जागा, तिचे क्षेत्र गुंठ्यांत, तिथून पुढच्या तशाच जागेचे अंतर, आणि या वर्षी तेथे अळी किंवा फुलपाखरू दिसले की नाही. ज्या जागी काही दिसले नाही ती जागा वगळू नये. तिच्यासमोर ‘या वर्षी रिकामी’ असे लिहावे आणि पुढच्या वर्षासाठी शेजारी एक रकाना कोरा ठेवावा.